‘ती सोडून जाईल’ ही भीती आणि तिच्यावर ठेवलेली पाळत

तुम्ही लिहिले आहे की लग्नाला नऊ वर्षे झाली, दोन वर्षांपूर्वी आई गेली, नोकरीतल्या बदलीमुळे जुने मित्र दुरावले आणि आता पत्नीखेरीज आपले म्हणावे असे कोणी उरलेले नाही. ती कामावर असताना तुम्ही दिवसातून सात-आठ वेळा फोन करता, तिचे लोकेशन सतत सुरू असावे असा तुमचा आग्रह असतो, आणि ती झोपल्यावर तुम्ही तिचा फोन उघडून पाहता. पाहून झाल्यावर स्वतःची लाज वाटते, तरी दुसऱ्या रात्री हात पुन्हा तिकडेच जातो. ‘मी तिच्यावर कधीही हात उगारलेला नाही’ असे तुम्ही आवर्जून नमूद केले आहे. आता तिने काही दिवस बहिणीकडे राहायला जाण्याचा विषय काढला आहे, आणि तुमचा प्रश्न असा आहे : ‘हा एकाकीपणा कसा कमी करू, म्हणजे ती जाणार नाही?’

गेली बावीस वर्षे मी जोडप्यांसोबत आणि मोडलेल्या नात्यांतून बाहेर पडलेल्या माणसांसोबत समुपदेशनाचे काम करते. या काळात माझ्याकडे मदत मागायला बहुतेक वेळा आली ती जिच्यावर पाळत ठेवली जाते ती व्यक्ती. पाळत ठेवणारा माणूस आपणहून क्वचितच आला. तुम्ही आलात, आणि जे करता ते न लपवता लिहिलेत, त्याबद्दल मला आदर वाटतो. म्हणूनच आडपडदा न ठेवता उत्तर देते. तुमच्या प्रश्नातला ‘म्हणजे’ हा शब्द आधी काढून टाकावा लागेल. एकाकीपणा कमी करणे हे तुमचे स्वतःचे काम आहे, आणि ते ती राहिली तरी करायचे आहे, गेली तरी करायचे आहे. राहायचे की जायचे हा निर्णय तिचा आहे. पहिले काम तुम्ही दुसरे साधण्यासाठी म्हणून हाती घेतलेत, तर तो एकाकीपणावरचा उपाय राहणार नाही. तिला धरून ठेवण्याची ती आणखी एक रीत होईल, आणि तिला ते तुमच्याही आधी कळेल.

आधी एकाकीपणाविषयी, कारण तुमचे दुःख खरे आहे आणि त्याला उडवून लावणे अन्यायाचे होईल. रॉबर्ट वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये एकाकीपणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक, जिवाभावाचे माणूस नसल्याचा; आणि दुसरा, आपली चार माणसे, आपले वर्तुळ नसल्याचा. त्याचे महत्त्वाचे म्हणणे असे होते की यातल्या एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. मित्रांच्या घोळक्यात बसलेल्या विधुराचे मन रिकामेच राहते, आणि सुखाच्या संसारात असलेला पण नव्या गावी कोणालाच न ओळखणारा माणूसही आतून झुरतो. तुमच्या बाबतीत आई गेली तेव्हा एक जागा रिकामी झाली, मित्र दुरावले तेव्हा आणखी पाच-सहा झाल्या, आणि या सगळ्या जागांवर तुम्ही एकाच माणसाला बसवलेत. हे कोणालाही जमणारे नाही. ती कमी पडते ती म्हणून. पण तुम्हाला मात्र त्याचा अर्थ ‘तिचे मन उडाले आहे’ असा लागतो.

असा अर्थ लागण्यालाही कारण आहे. जॉन कॅसिओपो या मानसशास्त्रज्ञाने कित्येक वर्षे एकाकीपणाचा अभ्यास केला. भूक जशी ‘अन्न शोध’ म्हणून सांगते, तसा एकाकीपणा ‘माणसे शोध’ म्हणून सांगणारा शरीराचाच इशारा आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. परंतु हा इशारा दीर्घकाळ वाजत राहिला की मन सावध होते, इतके सावध की साध्या गोष्टीतही त्याला धोका दिसू लागतो. उशिरा आलेले उत्तर, दमलेला आवाज, ‘नंतर बोलू’ हे दोन शब्द, आरशासमोर नेहमीपेक्षा थोडा जास्त गेलेला वेळ, या सगळ्यांतून एकच कहाणी तयार होते. ज्या अवस्थेत माणसाला माणसांची सर्वांत जास्त गरज असते, त्याच अवस्थेत त्याचा माणसांवरचा विश्वास सर्वांत कमी झालेला असतो. तुम्ही या कात्रीत सापडलेले आहात.

आता रात्री तिचा फोन पाहण्याविषयी. तुम्ही तो उघडता, काही आक्षेपार्ह सापडत नाही आणि छातीवरचे ओझे उतरते. हा सुटकेचा क्षणच खरा घातक आहे. हात पुन्हा पुन्हा धुणाऱ्या माणसाला प्रत्येक धुण्यानंतर जी शांतता मिळते, तिच्याशी याचे जवळचे नाते आहे : शांतता मिळते, म्हणून कृती पक्की होते, आणि पुढच्या वेळी तेवढ्याच शांततेसाठी जास्त वेळ धुवावे लागते. तर्काने पाहिले तर महिनोन्महिने काहीही न सापडल्यावर विश्वास वाढायला हवा. तो वाढत नाही, कारण ‘काही सापडले नाही’ यावरून मन ‘काही नव्हतेच’ असा निष्कर्ष काढत नाही. ‘मी लक्ष ठेवून आहे म्हणून टळले’ असा काढते. तिची नऊ वर्षांची निष्ठा अशी तुमच्या पाळतीच्या खात्यावर जमा होत जाते. मग तिने आणखी किती खुलासे द्यावेत, आणखी किती पासवर्ड सांगावेत? खुलाशांनी हे खाते कधीच पुरे होणार नाही, आणि म्हणून ‘तिने थोडा धीर दिला तर मी सुधारेन’ ही तुमच्या पत्रातली अपेक्षा मी मान्य करू शकत नाही.

काही वर्षांपूर्वी एक जोडपे माझ्यासमोर बसले होते. पतीने आग्रह धरून पत्नीचा फोन मधल्या टेबलावर, पडदा वर येईल असा ठेवायला लावला होता. ‘लपवण्यासारखे काही नाही ना, मग असू दे की’ असे त्याचे म्हणणे. तासाभरात तो पडदा चार वेळा उजळला. चारही वेळा त्याने फोनकडे पाहिले, आणि चारही वेळा तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. फोन कोणाचा आला हे तिने एकदाही पाहिले नाही. त्या तासात जे बोलले गेले त्यातले फारसे आज माझ्या लक्षात नाही, पण त्या दोन नजरा लक्षात आहेत, कारण त्या नात्यात काय झाले आहे ते त्यांनी पुरते सांगितले. तुमचा फोन दुपारी चौथ्यांदा येतो तेव्हा पत्नी पडद्यावरचे तुमचे नाव पाहून क्षणभर थांबते का, उत्तर देण्याआधी आवाज नीट करून घेते का, हे तुम्हाला माहीत नसेल. तिला मात्र माहीत आहे.

दुसरी एक स्त्री मला आठवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. कामावरून निघताना ती भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो काढायची, म्हणजे घरी वेळेवरून प्रश्न आलाच तर दाखवायला पुरावा असावा. विभक्त होऊन दीड वर्ष लोटल्यावरही तिची ही सवय सुटली नव्हती. विचारणारे कोणी उरले नव्हते, तरी फोनमध्ये घड्याळांचे फोटो साठत होते. मैत्रिणींशी बोलणे तिने केव्हाच थांबवले होते, कारण दर फोननंतर ‘काय बोललात’ याचा हिशेब देण्यापेक्षा फोन न करणे सोपे होते. तुम्ही एकाकी आहात असे लिहिलेत. तुमच्या पत्नीच्या किती मैत्रिणी आज तिच्या संपर्कात आहेत, हे मात्र लिहिले नाहीत. कदाचित ते तुम्हाला सुचलेही नसेल, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

‘हात उगारलेला नाही’ हे तुम्ही बचाव म्हणून लिहिलेत हे मी समजू शकते, पण ते पुरेसे नाही. एव्हन स्टार्क या अमेरिकी अभ्यासकाने 2007 मध्ये याच गोष्टीची सविस्तर मांडणी केली : जोडीदाराचे येणे-जाणे, वेळ, पैसा, माणसे आणि संभाषणे यांवर हळूहळू ताबा मिळवला जातो, आणि मारहाण एकदाही न होता तिचे स्वातंत्र्य संपते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 च्या एका कायद्याने जवळच्या नात्यातली अशी सततची, गंभीर परिणाम करणारी नियंत्रक वागणूक गुन्हा ठरवली गेली; त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि शारीरिक इजा सिद्ध करावी लागत नाही. तुम्हाला गुन्हेगार ठरवण्यासाठी मी हे सांगत नाही. तुमच्या घरात जे चालले आहे त्याला ‘जरा जास्तच प्रेम’ याहून वेगळे आणि जुळणारे नाव आहे, हे तुम्हाला कळावे म्हणून सांगते. प्रेमाच्या कमी-जास्त प्रमाणाचा हा प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे की भीती तुमची असताना तिचा भार कोण वाहते. गेल्या दोन वर्षांत तो सगळा भार तिने वाहिला आहे : वेळेवर परत येऊन, उत्तरे देऊन, माणसे तोडून, आवाज नीट ठेवून.

स्वतःशी एक तपासणी करा, आणि ती कागदावर करा. तिने अलीकडे तुम्हाला दिलेले तीन नकार आठवा, लहानसहान असले तरी चालतील : आज बाहेर नको, आत्ता बोलायचे नाही, मी एकटीच जाते. त्या प्रत्येक नकारानंतर घरात पुढचे दोन दिवस काय झाले ते लिहा. अबोला, वारंवार विचारणा, रडणे, जेवण टाळणे, तिच्या माहेरच्यांविषयी टोमणा, जे झाले असेल ते. आणि तीन नकार आठवतच नसतील, तर त्यातून ती सुखी आहे असा अर्थ काढू नका. जिथे नकार महाग पडतो तिथे माणूस नकार देणे सोडून देतो.

हे कोठून आले असेल? आई आणि मूल यांच्यातल्या जिव्हाळ्याच्या बंधाचा अभ्यास करणाऱ्या जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांच्या संशोधनात लहान मुलांचा एक गट आढळतो : आई थोड्या वेळाने परत आली की ही मुले तिला बिलगतात आणि त्याच वेळी तिला रागाने दूर ढकलतात, कडेवर घेतले तरी शांत होत नाहीत. मोठ्या माणसांच्या प्रेमसंबंधांतही हीच घडण दिसते, हे सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये मांडले. तुमच्या लहानपणाविषयी मला काही माहीत नाही, आणि त्यावर अंदाज बांधणार नाही. मात्र पत्नी घरी पोहोचल्यावर तिला पाहून हायसे वाटायचे सोडून तुम्ही पहिली दहा मिनिटे उलटतपासणीत घालवता असे तुम्हीच लिहिले आहे, आणि ते याच्याशी फार जुळते. कारण समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण त्याने स्वतःचा तिरस्कार कमी होतो. जबाबदारी मात्र त्याने तसूभरही कमी होत नाही.

आता काय करायचे ते. ‘उद्यापासून असे विचारच करणार नाही’ अशी शपथ घेऊ नका. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये एक प्रयोग केला. त्यात लोकांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले होते आणि विचार आलाच तर घंटा वाजवायची होती. घंटा वाजत राहिल्या; शिवाय पुढे विचार करण्याची मुभा मिळाल्यावर, आधी तो दाबून ठेवलेल्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा अधिक वेळा आले. विचार येऊ द्यात. आवरायचा आहे तो हात. फोन उघडण्याची किंवा कॉल लावण्याची ऊर्मी आली की वहीत वेळ लिहा, ती किती तीव्र आहे याला दहापैकी गुण द्या, आणि काहीही न करता दर पाच मिनिटांनी पुन्हा गुण लिहा. पहिले काही दिवस हे असह्य वाटेल. पण खातरजमा न करताही भीती चढते, टिकते आणि ओसरते, हे स्वतःच्या अक्षरात वाचल्याखेरीज तुमचे मन ते मान्य करणार नाही. मी सांगून ते पटण्यासारखे नाही.

तिचे लोकेशन दिसणे तुमच्या फोनवरून तुम्हीच बंद करा, आजच. रात्री तिचा फोन पाहत होतात हे तिला एकदा, थोडक्यात आणि स्पष्ट सांगा; सांगताना रडून तिच्याकडून सांत्वन घेऊ नका, आणि लगेच क्षमाही मागून घेऊ नका, कारण क्षमा करायची की नाही हे ठरवायला तिला वेळ लागेल. तिने पासवर्ड बदलला तर तो विचारू नका. तिच्या कामाच्या वेळेत फोन करायचा की नाही आणि केला तर किती वेळा, हे तिला ठरवू द्या. आणि हे उत्तर तिला ‘बघ, मी प्रयत्न करतो आहे’ म्हणून दाखवू नका. सुधारणेचा पुरावा मांडून तिच्याकडून थांबण्याचे वचन मागणे हीदेखील एक सौदेबाजीच आहे, आणि ती तिला पुरती ओळखीची आहे.

जोडीने समुपदेशनाला जाण्याचा तुमचा विचार तूर्त बाजूला ठेवा. एकाला दुसऱ्याची भीती वाटत असते तेव्हा एकत्र सत्रात खरे बोलले जात नाही, आणि बोलले गेलेच तर त्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. आधी तुम्ही एकट्याने जा. ध्यास आणि खातरजमेच्या सवयींवर काम करणारा, विचार आणि वर्तन यांवर आधारित उपचारपद्धतीत प्रशिक्षित असा समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ शोधा. एकाकीपणावरील उपायांच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही केवळ भेटीगाठी वाढवण्यापेक्षा माणसांविषयीचे आपले ग्रह तपासून बदलणे अधिक परिणामकारक ठरलेले दिसले. आईच्या जाण्याचे दुःखही तिथेच मांडा. दोन वर्षांत तुम्ही ते कोणाजवळ बोलला आहात असे पत्रावरून वाटत नाही. मात्र कोणताही पुरावा नसताना पत्नी विश्वासघात करते आहे याची तुम्हाला पक्की खात्रीच वाटू लागली असेल, मद्यपानासोबत संशय वाढत असेल, किंवा जीव देण्याचे विचार येत असतील, तर समुपदेशकाची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञाला गाठा. जीव देण्याचे विचार डॉक्टरांना सांगा, संकटकाळच्या हेल्पलाइनला सांगा; पत्नीला थांबवण्यासाठी ते तिच्यापुढे मांडू नका. तिला दारात अडवावेसे वाटले, तर त्या क्षणी तुम्ही स्वतः घराबाहेर पडा.

मित्रांबाबत धीर धरावा लागेल. जेफ्री हॉल या संशोधकाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साधारण ओळखीची सहज मैत्री व्हायला अदमासे 50 तास, आणि घनिष्ठ मैत्री व्हायला 200 तासांहून अधिक सहवास लागतो असे आढळले. म्हणजे हे काम महिन्यांचे आहे. त्यामुळे नव्यापेक्षा जुन्यापासून सुरुवात करा : बदलीआधीच्या मित्रांपैकी ज्याच्याशी भांडण न होता नुसतेच बोलणे तुटले, असा एक जण निवडा आणि त्याला फोन करा. पहिल्या काही भेटींत पत्नीचा विषय काढू नका. त्याची चौकशी करा, त्याचे ऐका. दोन वर्षे तुमचे सगळे लक्ष एकाच माणसाच्या हालचालींवर खिळलेले आहे. दुसऱ्या कोणाच्या आयुष्यात रस घेण्याची सवय मोडली आहे, ती परत लागायला हवी.

राहिला तिच्या बहिणीकडे जाण्याचा विषय. तिला ‘हो, जा’ म्हणा, आणि त्या दोन शब्दांच्या पुढे काही जोडू नका. किती दिवस, परत नक्की कधी, रोज फोन करशील ना, यांपैकी काही विचारू नका. तिथे गेल्यावर आपणहून संपर्क करू नका. तिने केला तर जितके ती बोलेल तितकेच बोला आणि फोन तिला ठेवू द्या. बहिणीकडून तिची खबर काढू नका. पहिल्या रात्री घर खायला उठेल. त्या रात्रीसाठी कोणाशी बोलायचे हे ती निघण्याआधीच ठरवून ठेवा. ती परत येईल की नाही हे मला सांगता येत नाही, आणि ती परत यावी म्हणून हे करा असे मी म्हणत नाही. ती बॅग भरत असेल तेव्हा तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा, आणि वही जवळ ठेवा.